बाईंचे बटाटे

ज्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या शेती, त्यांच्या लेकीला बटाटा परतायला एका जर्मन बाईने शिकवावं, हे आमच्या अण्णांना आजही पटलेलं नाही. आम्ही आंबेगाव तालुक्यातले, सातगाव पठारावरचे. जूनच्या पावसावर लागवड, सप्टेंबरात काढणी. मंचरच्या बाजारात पंजाबातून बियाणं उतरलं की पठारावर दुसरा विषय नसतो. वाण कुठला, डोळे कसे, भाव काय, गाडी कुणाची. घरात बटाट्याची पोती, आणि रोजच्या जेवणात आईच्या काचऱ्या. लोखंडी कढईत कच्च्या बटाट्याच्या पातळ चकत्या, हळद, तिखट, मीठ. यापलीकडे बटाट्याचं फार काही करायचं असतं असं आमच्याकडे कुणाला वाटत नाही.

मी मात्र २००९ पासून त्या बाईंची देणेकरी आहे. पैशांचं देणं फेडलं, त्याची पावती माझ्याकडे आहे. हे लिहिते आहे ते पावतीत न बसलेल्या भागाबद्दल.

गाव ल्यूनेबुर्ग. हँबुर्गहून रेल्वेने अर्ध्या तासावर. पुण्यात मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकून मी तिथल्या विद्यापीठात दाखल झाले. हे विद्यापीठ जुन्या लष्करी बराकींमध्ये भरतं, त्यामुळे वर्गात जाताना पहिले काही आठवडे कुणीतरी 'सावधान' म्हणेल असं वाटायचं. गाव देखणं, विटांचं, आणि थोडं वाकडं. वाकडं हे शब्दशः. हजार वर्षांहून जास्त काळ तिथे जमिनीखालचं खारं पाणी उपसून, ते आटवून मीठ काढलं. त्या मिठावर गाव गबर झालं, बाल्टिकच्या हेरिंग माशांना हेच मीठ लागायचं. १९८० साली मिठागर बंद पडलं, पण पोटातलं मीठ गेलेली जमीन अजून खचते. जुन्या भागातल्या काही घरांच्या भिंती फुगलेल्या आहेत, दारं तिरकी आहेत. बाईंचं घर त्याच भागात होतं.

आणि हे मीठ सापडलं कसं, तर डुकरामुळे. दंतकथा अशी की एका शिकाऱ्याने रानडुकरीण मारली, तिच्या राठ केसांवर पांढरे कण चमकत होते. ती ज्या डबक्यात लोळली होती ते मिठाचं. त्या डुकरिणीचं म्हणून एक हाड गावाने रातहाउसात, म्हणजे नगरपालिकेच्या जुन्या इमारतीत, जपून ठेवलं आहे. मला हे वाचून हसूच आलं. आमच्या पठारावर रानडुक्कर म्हणजे एका रात्रीत अख्खी सरी उकरून टाकणारा वैरी. त्याच्यासाठी अण्णा रात्र रात्र बॅटरी घेऊन बांधावर बसायचे. मटण-कोंबडी आमच्याकडे चालायची, पण डुक्कर हे खाण्याच्या यादीत कधी नव्हतंच. नकोही म्हणावं लागलं नव्हतं, इतकं ते बाहेरचं.

बाईंचं आडनाव इथे देत नाही. फ्राउ आणि आडनाव, अशीच हाक मी शेवटपर्यंत मारली. त्यांनीही मला आडनावानेच बोलावलं, अगदी अहो-जाहो करून. सत्तरी ओलांडलेल्या, उंच, पाठ ताठ, केस आखूड कापलेले. वरच्या मजल्यावरची खोली त्या विद्यार्थ्यांना भाड्याने द्यायच्या. पहिल्याच दिवशी नियम सांगितले: रविवारी कपडे धुवायचे नाहीत, रात्री दहानंतर नळ जपून, जिन्यातला दिवा मालवायचा, भाडं एक तारखेला. गोड बोलणं हा त्यांचा प्रांत नव्हता. चहाची पत्ती त्या चमच्याने मोजून घालायच्या आणि चमच्याची कड सुरीने सपाट करायच्या. स्वयंपाकघरात वजनकाटा होता आणि तो रोज वापरला जायचा.

शनिवारी दुपारी त्यांच्याकडे ब्राटकार्टोफेल्न असायचे: परतलेले बटाटे. तिकडे हे मुख्य जेवण नाही म्हटलं तरी चालेल. अंड्याबरोबर, हेरिंगबरोबर, थंड मांसाच्या कापाबरोबर ताटात बाजूला येतात. पण खरं सांगायचं तर माणसं त्या बाजूच्यासाठीच बसतात. एका शनिवारी जिन्यातून जाताना त्यांनी मला आत बोलावलं, ताट समोर ठेवलं. मी म्हटलं, मी डुकराचं खात नाही. त्यांनी विचारलं, "धर्म?" मी म्हटलं, "नाही, सवय." त्या म्हणाल्या, "बरं." ताट उचललं, मला पाव आणि चीज दिलं. विषय संपला असं मी समजले.

पुढच्या शनिवारी शेगडीवर दोन तवे होते.

एक त्यांचा जुना, काळा, जाड, लोखंडी, लांब दांड्याचा. दुसरा लहान. लहानात त्यांनी तूप घातलं. तिकडे दुकानात तयार तूप मिळतं, परतायला वापरतात. त्या वासाने मला क्षणभर कुठे उभी आहे ते कळेना. पण त्याहून लक्षात राहिलं ते उलथणं. उलथणीही दोन होती, दोन्ही लाकडी, सारखीच. लहान तव्याच्या उलथण्याला दांड्याशी लाल दोरा बांधलेला होता. चुकून मोठ्या तव्यातलं माझ्या तव्यात जाऊ नये म्हणून. मी सोवळ्याबद्दल चकार शब्द बोलले नव्हते. आमच्या आजीने माळ घातल्यापासून तिची भांडी घरात वेगळी असायची, तेव्हा ही रीत मला नवी नव्हती. पण ती ल्यूनेबुर्गमध्ये, न मागता, एका लाल दोऱ्यावर भेटेल असं वाटलं नव्हतं.

आता त्या मोठ्या तव्याविषयी. त्यात आधी श्पेक पडायचा. श्पेक म्हणजे डुकराची चरबी, मीठ लावून मुरवलेली आणि धुरावर धरलेली. आपल्याकडच्या दुकानांत बेकन म्हणून पातळ पट्ट्या मिळतात, त्याच कुळातला, पण जाड तुकडा. बाई त्याचे बोटाच्या पेराएवढे चौकोन कापायच्या आणि थंड तव्यात ठेवून मगच खाली आच लावायच्या. तवा आधी तापवला तर बाहेरून जळतं आणि चरबी आतच कोंडून राहते. मंद आचेवर ते तुकडे हळूहळू पाझरायला लागायचे, पारदर्शक व्हायचे, मग कडेने सोनेरी. घर खचलेलं, त्यामुळे शेगडीही किंचित कललेली. सुटलेली चरबी तव्याच्या एका बाजूला जमायची. बाई थोड्या थोड्या वेळाने तवा पाव फेरा फिरवायच्या, बघतही नसत, हात आपोआप जायचा. शेगडीखाली पाचर मारून ती सरळ का करत नाही, असं विचारलं तर म्हणाल्या, "मग पुन्हा खचेल."

कुरकुरीत झालेले तुकडे काढून वाटीत ठेवायचे. मग बटाटे. ते आदल्या संध्याकाळीच सालीसकट उकडलेले असायचे, पाण्यात थोडे शहाजिऱ्याच्या जातीचे दाणे टाकून. गरम असतानाच सोलायचे आणि रात्रभर थंड जागेत ठेवायचे. हे आदल्या दिवशीचं काय गौडबंगाल आहे ते मला नंतर अभ्यासात कळलं: उकडल्यावर फुगलेला स्टार्च थंड होताना पुन्हा घट्ट बसतो, म्हणून काप तुटत नाहीत, आणि वरचा ओलावा उडून गेल्याने चरबीत पडल्यावर लगेच खरपूस होतात. बाईंना स्टार्चशी देणंघेणं नव्हतं. ताज्या उकडलेल्या बटाट्याचे ब्राटकार्टोफेल्न करणाऱ्या माणसाबद्दल त्यांचं मत वाईट होतं, एवढंच.

अर्ध्या सेंटिमीटरचे काप, तव्यात एकच थर. आणि मग थांबायचं. आमचा हात कढईत सारखा फिरणारा. मी उलथणं उचललं की त्या माझ्या मनगटाकडे बघायच्या. खालची बाजू स्वतःहून तव्यावरून सुटली की मगच उलटायचं. ओढलं तर कवच तव्याला राहतं आणि बटाटा तुमच्या हातात. दोन्ही बाजू झाल्यावर कांदा, त्याच्या आधी नाही, कारण कांदा बटाट्याच्या कितीतरी आधी करपतो. वाटीतले तुकडे परत आत. मिरी. मीठ अगदी शेवटी, चाखून, कारण श्पेक आधीच खारट. आणि सगळ्यात वरून चुरडलेला मरवा. होय, आपला मरवा, वेणीतला. सुका करून त्या बरणीत ठेवायच्या. पहिल्यांदा झाकण उघडलं तेव्हा मला मंचरच्या एसटी स्टँडवरची फुलवाली आठवली. केसांत माळायची गोष्ट बटाट्यात घालतात, हे आईला फोनवर सांगितलं तर ती बराच वेळ हसत होती.

ताटं भरून झाल्यावर माझ्या लहान तव्याला चिकटून राहिलेली खरवड बाई मला द्यायच्या. म्हणजे तवाच पुढे सरकवायच्या, लाल दोऱ्याचं उलथणं हातात द्यायच्या आणि माझं खरवडून होईपर्यंत शेजारी उभ्या राहायच्या. माझ्या वयाच्या बाईला तवा चाटायला देतात, याचं मला जरा नवल वाटायचं. पण खरवड सोडायची नाही ही आमच्या घरचीही शिकवण, त्यामुळे मी काही विचारलं नाही.

मग तो हिवाळा आला. मी एका बेकरीत अर्धवेळ काम करत होते, ती बंद पडली. घरून येणारे पैसे एका कागदावर अडकले. त्या वर्षी पठारावरही पीक यथातथाच होतं. अण्णांकडे मागायला तोंड नव्हतं. एक तारखेला मी खाली गेले आणि बाईंना जे होतं ते सांगितलं. त्यांनी कपाटातून वही काढली, तारीख टाकली आणि पेन माझ्याकडे दिलं. "रक्कम तुम्ही लिहा. सही करा." पुढच्या एक तारखेलाही तेच. त्यांनी धीर दिला नाही, काळजी करू नकोस म्हटलं नाही, हात हातात घेतला नाही.

मात्र त्या महिन्यांत त्यांच्याकडे बटाटे जास्त व्हायला लागले. शनिवारचे बटाटे मंगळवारीही होऊ लागले, मग गुरुवारी. मी जिन्यात दिसले की दार उघडायचं. "आज अंदाज चुकला. बटाटे जास्त उकडले गेले. वाया जातील." पत्तीचा चमचा सुरीने सपाट करणारी बाई. वजनकाट्यावर पीठ तोलणारी बाई. तिचा अंदाज आठवड्यातून तीनदा चुकत होता आणि दर वेळी लहान तवा आधीच शेगडीवर असायचा, तुपासकट. मीही दर वेळी "वाया कशाला घालवायचे" असं म्हणून बसायचे. दोघींनी हे नाटक उत्तम वठवलं. कधी हसलो नाही.

कर्जाबद्दल, उपकाराबद्दल आपल्याकडे फार बोललं जातं. ज्यांनी मदत करताना गोड बोलून, पाठीवर हात ठेवून मदत केली, त्यांची मला नंतर जड वाटलेली उदाहरणं आहेत. ते हात पाठीवर बराच काळ राहतात. बाईंचं तसं नव्हतं. त्यांनी मला कधीही उपकाराखाली वाकायची संधी दिली नाही. वहीत लिहिलेलं ते देणं. बटाटे हे त्यांच्या चुकलेल्या अंदाजाचे.

त्यांची गोष्ट मला तुकड्यांत कळली. त्या मूळच्या पूर्व प्रशियातल्या. १९४५ च्या जानेवारीत रशियन फौजा आल्या तेव्हा सात-आठ वर्षांच्या होत्या. आई आणि धाकटा भाऊ यांच्याबरोबर पिलाउ बंदरातून जहाजाने निघाल्या, पुढे मालगाडीने पश्चिमेला. लाखो माणसं अशी आली. ल्यूनेबुर्गच्या माळरानावरच्या शेतकऱ्यांच्या घरांत सरकारने त्यांना सक्तीने खोल्या मिळवून दिल्या. सक्तीने, हे लक्षात घ्यायला हवं. स्वागत कुणी केलं नाही. उल्झेनजवळच्या ज्या शेतावर यांना धाडलं तिथल्या मालकिणीने गोठ्यावरची खोली दिली आणि पहिल्या दिवसापासून तोंड वाकडं ठेवलं. गड्यांसाठी ती मोठ्या तव्यात श्पेक घालून बटाटे परतायची. ही दोन मुलं दारात उभी राहायची. तिने त्यांना कधी ताट वाढलं नाही. पण गडी उठून गेले की तवा उंबऱ्यावर आपटून ठेवायची: "खरवडा. स्वच्छ झाला पाहिजे."

"तिला तवा घासायचा कंटाळा होता," बाई म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "आम्हाला असंच वाटायचं तेव्हा."

१९४६-४७ चा हिवाळा जर्मनीत उपासमारीचा म्हणूनच ओळखला जातो. शहरातली माणसं गालिचे, घड्याळं, चांदीचे चमचे घेऊन खेड्यांत यायची आणि त्या बदल्यात बटाटे, श्पेक घेऊन जायची. त्या हिवाळ्यात तव्याला राहिलेली खरवड जाड झाली होती, एवढं बाईंना पक्कं आठवत होतं. गड्यांची भूक काही कमी झालेली नव्हती. पूर्व प्रशियाचं मोठं संग्रहालय ल्यूनेबुर्गातच आहे. बाई तिथे कधी गेल्या नाहीत. "तिथे काय आहे ते मला माहीत आहे."

त्यानंतरच्या शनिवारी मी सांगितलं, मला मोठ्या तव्यातलं वाढा. बाई म्हणाल्या, "माझ्यासाठी नको." मी म्हटलं, "वासासाठी." हे खोटं नव्हतं, इतके महिने तो धुराचा, खारट वास मला वर खोलीत झोपू देत नव्हता. पहिला घास कुरकुरीत, मग लोण्यासारखा मऊ, मग कुठून तरी मरवा. तुपातले चांगले होते. हे त्याहून चांगले होते, यात मला शंका नाही. आजी हयात असती तर मात्र हे वाक्य मी छापायला दिलं नसतं.

बटाट्याची जातही सांगायला हवी, नाहीतर अण्णा रागावतील. बाई फक्त लिंडा आणायच्या. बुधवारी आणि शनिवारी रातहाउससमोर बाजार भरतो, तिथे एका ठरावीक शेतकऱ्याकडून. पिवळ्या गराची, लांबट, उकडल्यावर न फुटणारी लिंडा. १९७४ मध्ये तिची नोंदणी झाली. वाणाच्या हक्काची ३० वर्षं सरत आली तेव्हा, २००४ मध्ये, ज्या कंपनीचं ते वाण होतं तिनेच नोंदणी मागे घेतली. शेतकऱ्यांचं म्हणणं होतं, हे मुद्दाम: हक्क संपला की शुल्क न भरता कुणीही लिंडा लावू शकलं असतं, त्याऐवजी तीच संपवायची आणि नवी, हक्काची वाणं विकायची. बारूमचे सेंद्रिय शेतकरी कार्स्टेन एलेनबर्ग यांनी मोहीम उभारली, लोक त्यांच्या मागे उभे राहिले, आणि २०१० मध्ये लिंडाला पुन्हा मान्यता मिळाली. मी हे अण्णांना फोनवर सांगितलं. बियाण्याच्या बाबतीत दरवर्षी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघणारा माणूस. ते म्हणाले, "तुझ्या बाईंना माझा नमस्कार सांग." मी सांगितला. बाईंनी विचारलं, ते हेक्टरी किती काढतात?

पुढे मला विद्यापीठातच काम मिळालं आणि मी सगळं भाडं एकदम चुकतं केलं. बाईंनी नोटा दोनदा मोजल्या. पट्टी लावून वहीतल्या ओळी खोडल्या. पावती लिहिली, तारीख, सही. मी व्याजाबद्दल विचारलं तर त्यांनी असं बघितलं की मी पुन्हा विचारलं नाही. बटाट्यांबद्दल बोलायचं माझ्या मनात होतं, वाक्य जुळवूनही गेले होते. त्यांनी पावती माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "जिन्यातला दिवा काल रात्रभर जळत होता."

मी परत आले. नाताळला फोन करायचे, बोलणं हवेवर आणि बटाट्याच्या भावावर. करोनाच्या आधी दोन हिवाळे त्या गेल्या; त्यांच्या भाचीने पत्र पाठवून कळवलं.

पुण्यात मी रविवार पेठेतून बिडाचा तवा आणला. नवा लोखंडी तवा वापरात घ्यायची बाईंची रीत बटाट्याची सालं आणि मीठ तेलात काळी होईपर्यंत परतायची, तशीच केली. बेकन कॅम्पात मिळतं, मरवा मंडईत. बटाट्याचं मात्र जमवून घ्यावं लागतं. पुखराज पाणचट, काप तुटतात. शीतगृहातला थेट घेतला तर गोड लागतो आणि नीट खरपूस व्हायच्या आत काळा पडतो, कारण थंडीत स्टार्चची साखर होते. जून झालेली ज्योती त्यातल्या त्यात बरी. अण्णांना मी तुपातले करून वाढले, मरवा घालून. त्यांनी संपवले, तवाही खरवडला, आणि म्हणाले, "काचऱ्याच आहेत. उगाच आदल्या दिवसापासून घोळ."

दरवर्षी जर्मनीला निघालेली पोरं-पोरी कुणाच्या तरी ओळखीने माझ्याकडे येतात. व्हिसा, खोली, बँक, सगळं विचारतात. त्यांना मी सांगते: भाडं एक तारखेला द्या, पावती मागून घ्या, जिन्यातला दिवा मालवा. आणि घरमालकीण म्हणाली की आज बटाटे जास्त झालेत, तर विश्वास ठेवू नका. पण मुकाट्याने जेवायला बसा.